भांडण बघून भरती

माणसं भरायच्या कामावर बसलेला आणि आलेल्या प्रत्येक माणसाला "कशाला जाता हो तिकडे?" असं विचारणारा अधिकारी मी आयुष्यात एकच पाहिला. बंगळुरात, नव्वदीच्या दशकात. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांची माणसं अजून तिथेच राहतात, आणि नाव छापून आलं की ते बरोबर छापलंय की चूक यावरून त्या घरात आठवडाभर वाद चालेल. ऑफिसात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचे. इथेही तेच चालवते.

आमच्या कंपनीकडे हिमालयात एका मोठ्या वीज प्रकल्पाच्या बोगद्याचं काम होतं. देशाचं काम, आठ वर्षं तरी चालणारं. त्यासाठी फिटर, वेल्डर, क्रेन चालवणारे, खडकात भोकं पाडणारे असे कसबी लोक जिथून मिळतील तिथून उचलायचे, म्हणून चार-पाच शहरांत कंपनीनं छोटी छोटी भरतीची ऑफिसं उघडली होती. बंगळूरचं ऑफिस शिवाजीनगरात एका बेकरीच्या माडीवर होतं. दोन खोल्या. खाली बन भाजायला लागले की वर मुलाखतीला आलेली माणसं भुकेनं कासावीस व्हायची आणि प्रश्नांची उत्तरं भलतीच द्यायची. अण्णा भरती अधिकारी, मी टायपिस्ट, आणि एक शिपाई. बस, एवढाच संसार.

अण्णा साठीच्या घरातले, उंच आणि पोक काढून चालणारे. आधी एका मोठ्या कारखान्याच्या कामगार खात्यात होते, तिथून निवृत्त होऊन इथे आलेले. अंगात बारा महिने बिनबाह्यांचा खाकी स्वेटर. डिसेंबर लागला की त्यावर मफलर आणि माकडटोपी चढायची, बंगळूरच्या थंडीसाठी! मी नागपूरची. एवढी थंडी आम्हाला मे महिन्यात कुलरसमोर बसलं तरी वाजते. मी तोंडावर पदर घेऊन हसायचे आणि अण्णा म्हणायचे, "हसा अक्का, हसा. छातीत कफ झाला की तुमचं नागपूर धावून येणार नाही."

आणि हाच माणूस उमेदवारांसमोर हिमालयातल्या थंडीचं वर्णन करायला बसायचा. ते ऐकून माझेसुद्धा दात वाजायचे. "तिथं सकाळी मगातलं दाढीचं पाणी गोठतं. स्वल्प गरम करायला ठेवलं तर दाढी होईपर्यंत पुन्हा गोठतं. जेवण म्हणजे रोटी. आठवड्याला एकदा भात मिळाला तर देव पावला. इडली? सुम्ने, नुसती आठवण काढायची, डोळे मिटून." समोरचा माणूस हळूहळू खुर्चीच्या कडेला सरकायचा. अण्णा स्वतः पुण्याच्या पलीकडे कधी गेले नव्हते. बर्फ त्यांनी पाहिला होता तो कोपऱ्यावरच्या उसाच्या रसाच्या दुकानात.

त्याच दुकानातून ते रोज बादलीभर बर्फ मागवायचे. कारण त्यांची कसबाची परीक्षा अशी होती, की उमेदवारानं बर्फाच्या पाण्यात दोन्ही हात बुडवून बसायचं, अण्णा "सरी", म्हणजे "ठीक", म्हणाले की हात बाहेर काढायचे आणि टेबलावरच्या बोल्टवर नट बसवायचा. वेल्डर असो, क्रेनवाला असो, स्वैपाकी असो, नट सगळ्यांना. बोटं लाकडासारखी झालेली असायची. कुणी शिव्या द्यायचे, कुणी देवाचं नाव घ्यायचे. ज्याचा नट चढायचा त्याच्या हातावर अण्णा स्वतः टॉवेल टाकायचे आणि म्हणायचे, "आता तरी ऐका. जाऊ नका."

एकदा वरच्या ऑफिसकडून पेपरात द्यायची जाहिरात आली. उत्तम पगार, उज्ज्वल भवितव्य, राष्ट्रकार्यात सहभाग, असं काय काय तिच्यात होतं. अण्णांनी चष्मा पुसून ती दोनदा वाचली आणि कानडी पेपरात देताना खाली एक ओळ स्वतःच्या हिमतीवर घातली: थंडी फार आहे, घर लांब पडते, विचार करून यावे. मद्रासच्या साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागाच्या मोठ्या साहेबांनी, ती वाचून फोनवर असा आवाज चढवला की खालचा बेकरीवाला वर येऊन विचारून गेला, काय झालं म्हणून. साहेबांचं म्हणणं एकच असायचं, माणसं भरा, संख्या दाखवा. इतर शहरं बघा कशी भराभर माणसं पाठवतात! अण्णा फोन कानापासून हातभर लांब धरून शांतपणे ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, "सर, तुम्ही जाणारे मोजता. मी परत येणारे मोजतो."

यात खोटं काही नव्हतं. इतर शहरांतून गेलेली पोरं पहिल्या हिवाळ्यातच पळून यायची. कुणी आजी वारल्याचं सांगून, कुणी काही न सांगताच. मग बोगद्यात नवी माणसं, पुन्हा शिकवणं, पुन्हा अपघाताची भीती. बंगळूरची माणसं मात्र टिकायची. अण्णांनी पाठवलेला माणूस परत यायचा तो सुट्टीवर, हातात सफरचंदांची पेटी घेऊन. साहेबांना हे कोडं सुटत नव्हतं, म्हणून ते ओरडायचे पण अण्णांना काढत नव्हते.

कोड्याचं उत्तर बर्फाच्या बादलीत नव्हतं. ते अण्णांच्या दुसऱ्या खोडीत होतं. नट चढवलेल्या माणसाच्या घरी जाऊन कॉफी प्यायल्याशिवाय ते कुणाची निवड करत नसत. आणि तिथे जाऊन ते नुसती कॉफी पीत नसत, ते नवरा-बायकोचं भांडण लावून देत!

माझा विश्वास बसला नव्हता, म्हणून त्यांनी मला एकदा बरोबर नेलं. कोलारच्या खाणवस्तीत. तिथल्या सोन्याच्या खाणींत काम कमी कमी होत चाललं होतं, आणि जमिनीखाली आयुष्य काढलेली माणसं वर येऊन रिकामी बसली होती. त्यांतल्या एका ड्रिलरच्या घरी आम्ही गेलो. पुढच्या खोलीत सतरंजी, स्टीलचे टंबलर, नवरा-बायको अगदी आज्ञाधारक मुलांसारखी समोर बसलेली. अण्णांनी घोटभर कॉफी घेतली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत तमिळमध्ये सहज विचारलं, की हा गेला की म्हातारीला कोण बघणार? मला तमिळचं एक अक्षर येत नाही, पण पुढचं बरंचसं मला चेहऱ्यांवरून कळलं, उरलेलं अण्णांनी मागून सांगितलं. बाई म्हणाली मी बघेन. नवरा म्हणाला तिला जमणार नाही. बाई म्हणाली आजवर कोणी बघितलं मग? आणि ठिणगी पडली. अर्धा तास! बाई हातवारे करता करता उठली, अण्णांच्या हातातला टंबलर काढून घेतला आणि तो आपटायला दुसरं काही नाही म्हणून स्वतःच्याच गुडघ्यावर आपटला. अण्णा रिकामे हात मांडीवर ठेवून बसले होते, चेहऱ्यावर समाधान असं की जणू कुणी त्यांच्यासाठी गाणं म्हणतंय. शेवटी ठरलं. म्हातारी धाकट्या दिराकडे, आणि मुलीचं लग्न बाप सुट्टीवर आल्याशिवाय नाही. बाईनं अण्णांना कॉफी पुन्हा भरून दिली.

परतताना त्यांनी मला बंगळूरच्या अलीकडे के. आर. पुरमलाच गाडीतून उतरवलं. तिथल्या स्टेशनबाहेरच्या खानावळीतली इडली खाल्ल्याशिवाय त्यांचा कुठलाच प्रवास संपत नसे. इडली कुस्करता कुस्करता म्हणाले, "बघितलं नाही का अक्का? ज्या घरात माझ्यासमोर भांडण होतं, त्या घरात विचार झालेला असतो. काय जड जाणार, कुणाला जड जाणार, सगळं बाहेर येतं. तो माणूस टिकतो. जिथं दोघं मान डोलावतात, तिथं भांडण पुढं ढकललेलं असतं. ते मग पत्रातून होतं. पत्रातलं भांडण संपत नाही. माणूस गाडीत बसून परत येतो."

"आणि भांडणच झालं नाही तर?"

"मग मी कॉफी पितो, नमस्कार करतो, येतो."

बेळ्ळंदूरच्या तळ्याकाठी, नाचणीच्या शेतांपलीकडे राहणारा एक वेल्डर असाच हातचा गेला. हात सोन्याचा, नट डोळे मिटून चढवलेला. घरी गेलो तर बायको म्हणते हे म्हणतील तसं, आणि हे म्हणतात ही म्हणेल तसं. अण्णांनी म्हातारी काढली, पोरं काढली, विहिरीचं पाणी काढलं, शेजारी काढले. दोघं नुसती गोड हसत होती. बाहेर आल्यावर अण्णांनी मान हलवली. मला राग आला. मी म्हटलं, "अण्णा, असला वेल्डर पुन्हा मिळेल का?" ते म्हणाले, "वेल्डिंग एक नंबर. पण त्या घरात कुणी तोंड उघडत नाही. अशा घरातून माणूस काढला की मला झोप लागत नाही."

हे वेड त्यांच्या डोक्यात कुठून शिरलं ते एकदा त्यांनीच सांगितलं. त्यांचं घराणं बंगळुरात तीनशे वर्षांपासूनचं. मराठी बोलायचे, पण अर्धी कानडीत भिजवलेली. माझी आणि त्यांची मराठी समोरासमोर आली की शिपाई दोघांकडे आळीपाळीनं बघायचा. ते म्हणाले, "आमचा मूळ माणूस लष्कराबरोबर आला. एका मोसमाचं काम आहे म्हणून घरी सांगून आला होता म्हणे. मागून बायकोला बोलावून घेतलं. लष्कर परत गेलं, आम्ही राहिलो. त्या बाईला कुणी विचारलं नव्हतं, येतीस का म्हणून. तीनशे वर्षं झाली, आमच्या घरातल्या बायका अजून तेच काढून भांडतात. माझी आई भांडत होती, बायको भांडते. म्हणून सांगतो, आधी विचारून घ्यावं. स्वस्त पडतं."

हे सगळं मी हसून ऐकायचे आणि घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे. पुढे हे माझ्याच अंगाशी येणार आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं!

माझा नवरा क्रेन चालवायचा. त्याच्या नोकरीसाठीच आम्ही नागपूर सोडून बंगळुरात आलो होतो. आम्ही बनशंकरीत दोन खोल्यांत राहायचो, पदरात लहान मुलगी. आणि त्याच्या कारखान्याला टाळं लागलं. माझी नोकरी कच्ची, तिच्यावर घर कसंबसं चाललं होतं. तो रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून काम शोधायला निघायचा आणि दुपारी घामेजून परत यायचा. महिने गेले तशी दाढी एक दिवसाआड झाली, मग आठवड्यावर गेली. बोलणंही तसंच कमी होत गेलं. आमच्या ऑफिसच्या यादीत क्रेन चालवणाऱ्यांच्या जागा रिकाम्या होत्या. पगार चांगला, काम आठ वर्षं पक्कं. वर्षाला एक महिना सुट्टी. तो म्हणाला, अर्ज करतो. मी म्हटलं, करा. घर वाचायचं तर दुसरा रस्ता दिसत नव्हता.

अण्णांनी माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. नवऱ्याला इतरांसारखंच बाकावर बसवलं, थंडी ऐकवली, बादलीत हात घालायला लावले. त्यानं नट पहिल्या झटक्यात चढवला. अण्णांनी हातावर टॉवेल टाकला, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "रविवारी येतो घरी. कॉफी स्वल्प कडक करा अक्का."

झाली पंचाईत. आम्ही दोघं मुळात भांडणारी माणसं नव्हतो. त्या दिवसांत तर मुळीच नाही. तो मला जपून बोलायचा, मी त्याला जपून बोलायचे. बेळ्ळंदूरचा वेल्डर डोळ्यांपुढे आला. अण्णा आले, आम्ही माना डोलावल्या, की खेळ खलास. म्हणून मी ठरवलं, भांडण बसवायचं. नाटकातलं बसवतात तसं.

शनिवारी संध्याकाळी तालीम केली. मी नवऱ्याला समजावलं, "तुम्ही म्हणायचं, पगार चांगला आहे, मी जाणार. मी म्हणेन, पोरीच्या शाळेचं काय? तुम्ही म्हणायचं, तू आहेस नं. मग मी भडकेन. मग तुम्ही भडकायचं. मग हळूहळू समेट."

"मी काऊन भडकायचं? मला भडकता येत नाही तुझ्यावर," तो म्हणाला.

"आठ वर्षांच्या नोकरीसाठी एवढं येत नाही का बाप्पा?"

त्यानं प्रयत्न केला. डोळे वटारले की त्याला हसू यायचं. त्याचं बघून मलाही. कित्येक महिन्यांनी त्या घरात हसण्याचा आवाज झाला, आणि मी लगेच त्याला दटावलं, की हसू नका, उद्या हसलात तर सगळं पाण्यात.

रविवारी अण्णा बरोबर वेळेवर आले. मुलीला शेजारच्या अक्कांकडे बसवलं होतं. आत गॅसवर वांग्याची भाजी, बाहेर आम्ही तिघं. अण्णा खुर्चीवर, स्वेटरसकट. कॉफीचा घोट घेतला, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आतच माझ्या नवऱ्यानं घाबरून सुरुवात केली, "पोरीच्या शाळेचं काय?"

ते माझं वाक्य होतं! मी त्याच्याकडे बघतच राहिले. आता माझ्याकडे त्याचंच वाक्य उरलं होतं, ते मी म्हटलं, "पगार चांगला आहे. मी आहे नं, मी बघेन. तुम्ही जा."

मी हे अगदी ठसक्यात म्हटलं, नाटक म्हणून. पण त्याचा चेहरा एकदम उतरला. अण्णांकडे न बघता तो म्हणाला, "होय. तुला तर मी गेलेलाच बरा."

हे तालमीत नव्हतं.

"काय म्हटलं?"

"रोजच सांगून राहिली नं तू. अमक्याची निवड झाली, तमक्याची झाली, कोलारचा तो सफरचंद घेऊन आला. मी काय बहिरा आहे? घरात बसून खातो, दिसते मला. तुझ्या डोळ्यात दिसते. म्हणून जाऊन राहिलो. नाहीतर कोणाला हौस आहे त्या बर्फात मरायची?"

माझ्या कानशिलांवर कुणी तापलेलं उलथनं लावावं तसं झालं. मी उभी राहिले. अण्णा समोर बसलेत, हे डोक्यातून पार गेलं. "मी कधी म्हटलं जा म्हणून? अर्ज कोणी काढला? तू काढलास! मी 'करा' म्हटलं, कारण तुझं तोंड बघवत नव्हतं मला. मला वाटलं, तुला जायचंय, आमच्यातून सुटायचंय. मी रात्रंदिवस देवाला म्हणत होते की त्याचा नट चढू नये, आणि तू एका झटक्यात चढवलास!" लग्नानंतर पहिल्यांदा मी नवऱ्याला परक्या माणसासमोर अरेतुरे केलं होतं. मला थांबता येईना. सिलिंडर कोण आणणार, पोरीला ताप आला तर कोणाचं दार वाजवू, मला इथली भाषा तरी धड येते का, आठ वर्षांनी ती पोर तुला ओळखेल का, सगळं सगळं बाहेर आलं. तोही बोलत होता. काय बोलत होता ते आता आठवत नाही, एवढंच आठवतं की बोलता बोलता त्याचा आवाज फुटला आणि तो म्हणाला, "मला नाही जायचं नं. मला नाही जायचं. पण मग करू काय, ते सांग."

तेवढ्यात करपल्याचा वास आला. दोघंही आत धावलो. वांग्याचा पार कोळसा झाला होता. त्यानं कढई उतरवली, मी पाणी ओतलं, स्वैपाकघरात धूरच धूर. आणि त्या धुरात आम्ही ओट्याला टेकून उभे राहिलो आणि बोलत बसलो. कित्येक महिन्यांचं साचलेलं होतं. मध्ये मी रडले, मध्ये तो. पुन्हा बाहेर आलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. अण्णांचा टंबलर मोरीच्या कठड्यावर धुऊन पालथा घातलेला होता. ते कधी उठले, कधी गेले, काही पत्ता नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं, की करायला गेले काय आणि झालं काय! आमच्या घरात भांडण झालं होतं. खरंखुरं, खणखणीत, अण्णांच्या आवडीचं. त्यांच्या नियमानं नवऱ्याची निवड पक्की होती. निवड झाली की नाही म्हणायची आमची ऐपत नव्हती. आठ वर्षं पक्की नोकरी लाथाडली, हे त्याच्या आईला, माझ्या वडिलांना, स्वतःला कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

सोमवारी बसमध्ये मी देवाला जेवढं विनवलं, तेवढं कधीच विनवलं नसेल. ऑफिसात पोचले तर अण्णा एका फिटरला थंडी ऐकवत होते. मग बर्फ आला. मग दुसरा उमेदवार. मग मद्रासचा फोन. माझी बोटं टाइपरायटरवर भलतीच अक्षरं उमटवत होती. शेवटी खालून बन आले, तेव्हा त्यांनी मला समोर बसायला सांगितलं आणि बनाचा तुकडा कॉफीत बुडवला.

"अक्का, भांडण एक नंबर. एवढ्या वर्षांत असलं पाहिलं नव्हतं."

मी म्हटलं, "अण्णा, माझं एक ऐका..."

"स्वल्प थांबा. माझं ऐका. जाणाऱ्या घरात भांडण संपलं, की नवरा नाहीतर बायको माझ्याकडं वळते आणि पहिलं काय विचारते? गाडी कधीची आहे. नेहमी हेच. कोलारच्या त्या बाईनं कॉफी भरताना तमिळमध्ये हेच विचारलं होतं. तुमच्या घरी मी वाट बघितली. भांडण संपलं तसं तुम्ही दोघं आत गेला. मी बसलो. आतून रडायचा आवाज, मग बोलायचा, मग हसायचा. कुणाला आठवण नाही की बाहेर भरती अधिकारी बसलाय. मी आपला टंबलर धुतला, चप्पल घातली, आलो." त्यांनी बन संपवला, हात झटकले. "त्या माणसाला आठ वर्षं लांब पाठवू? आठ दिवसांत परत येईल. माझं नाव खराब होईल. निवड होत नाही. आयतु, संपलं."

मी "हुश्श" म्हटलं असेन. नक्की आठवत नाही. छातीवरून कुणी पोतं उचलावं तसं झालं, आणि पाठोपाठ मी तिथेच भडाभडा रडायला लागले. अण्णांना रडणं सहन व्हायचं नाही. ते उठून उभे राहिले, मफलर सारखा केला आणि टेबलावरचे बोल्ट उगाच इकडचे तिकडे करत म्हणाले, "अय्यो, रडायचं बेडा, नको. चला, नकाराचं पत्र टाइप करा."

"कोणाचं?"

"तुमच्या यजमानांचं. दुसऱ्या कुणाचं? नियम सगळ्यांना सारखा."

मी माझ्याच नवऱ्याला नकाराचं पत्र टाइप केलं. त्या पत्राचा साचा ठरलेला असायचा, 'आपणांस कळविण्यास खेद होतो की'. 'खेद' या शब्दाशी माझी बोटं थांबली. खेद होता कुठे? पण साचा तो साचा. एकही अक्षर न चुकता टाइप केलं, अण्णांची सही घेतली आणि टपालाचा खर्च नको म्हणून पर्समध्ये घालून घरी नेलं.

पुढचे काही महिने सोपे गेले नाहीत, हेही सांगायला हवं. मी संध्याकाळी एका वकिलाकडे टायपिंग करायला लागले. गावात तेव्हा उड्डाणपूल बांधायला निघाले होते. नवरा रोज त्या कामांवर जाऊन उभा राहायचा, आणि उभं राहून राहून शेवटी एका पुलाच्या क्रेनवर त्याला घेतलं. अण्णांचा त्यात काही हात नव्हता. बोगदा पुरा झाला, आमचं ऑफिस बंद झालं आणि अण्णा घरी बसले. नंतर एकदा त्यांच्या घरी गेले होते. आत त्यांची बायको त्यांच्याशी मोठ्यानं भांडत होती. त्यांनी मला दारातच हात जोडून नमस्कार केला आणि हळूच म्हणाले, "पुढल्या रविवारी या अक्का. आज गंमत आहे."

पण मला सांगायची आहे ती त्या सोमवारची संध्याकाळ. मी घरात पाऊल टाकलं तसा नवरा उठून उभा राहिला. मी पत्र त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उभ्यानंच वाचलं, पुन्हा वाचलं, मग भिंतीला पाठ टेकून सरकत सरकत खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मुलगी त्याच्या मांडीवर जाऊन बसली. मला वाटलं, रडतोय. पण हात बाजूला केले तेव्हा तो हसत होता. म्हणाला, "आता करायचं काय?" मी म्हटलं, "बघू."

घरात कच्ची नोकरी, पुढचं काही ठाऊक नाही, काळजीनं जीव जायला हवा होता. मी आत गेले आणि तांदळाचा डबा उघडला. ज्या दिवशी त्यानं अर्ज भरला, त्या दिवसापासून मी तांदूळ घेताना मनातल्या मनात दोघींपुरतं माप ठरवून बघत होते. एक मूठ कमी केली तर बरोबर होईल का, सवय होईल का, कुणाला न सांगता. त्या संध्याकाळी मी तिघांचा भात टाकला, आणि वर एक मूठ जास्त घातली.